दात त्याचे, ब्रश तुमच्या हातात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या बँकेत नोकरी करतात, घर एकत्र आहे. मुलगा पाच वर्षांचा, सिनियर केजीत. मुलगी दीड वर्षाची. मुलगा सकाळी ब्रश चावत बसतो, पेस्ट गिळतो आणि मिनिटभरात 'झालं' म्हणून पळतो. 'पेस्ट तिखट लागते' अशी त्याची रोजची तक्रार. रात्री तर ब्रशचं नावच नाही. तो जेवता जेवता पेंगतो, नाहीतर दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपून जातो. आईने भिंतीवर स्टारचा तक्ता लावला. पाच स्टार झाले की एक चॉकलेट. थोडे दिवस चाललं, मग बंद पडलं. 'दात घासले नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' हेही म्हणून झालं. मागच्या महिन्यात दाढ दुखते म्हणून तो रात्रभर रडला. डॉक्टरांनी सांगितलं की दोन दाढांना कीड लागली आहे आणि एकीचं रूट कॅनॉल करावं लागेल. सासूबाई म्हणतात, 'दुधाचे दात, पडणारच आहेत. त्यांच्यावर कसला खर्च?' सासूबाई स्वतः रोज सकाळी मशेरी लावतात आणि आता नातू 'मला पण आजीची पूड' म्हणून हटून बसतो. यजमानांचं दुकान आहे, ते रात्री उशिरा येतात. बाई विचारतात : याला ही सवय लावायची कशी? धरून, रडवून घासले तर त्याच्या मनावर परिणाम होईल का? फ्लोराइड नसलेली, नैसर्गिक म्हणून मिळणारी पेस्ट चालेल का? आणि सासूबाईंना सांगायचं कसं?

प्रिय ताई,

'तो स्वतःहून दात घासतच नाही' हे वाक्य तुमच्या पत्रात पुन्हा पुन्हा आलं आहे. त्या 'स्वतःहून'पाशी जरा थांबू या. पाच वर्षांच्या मुलाची नखं आपण कापतो. त्याने ती स्वतःहून कापावीत असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि ती वाढली तर 'याला सवयच लागत नाही' असं कुणी म्हणत नाही. ब्रश मात्र मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की आपण त्याच्या हातात देतो, कौतुकाने फोटो काढतो, आणि तिथून पुढे ते त्याचं काम होऊन बसतं.

त्याची वही काढून बघा. अक्षरं रेघेच्या वर-खाली जात असतील, गोल नीट मिटत नसेल. त्या वयात ते तसंच असणार. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, हिरडीच्या कडेने ब्रशचे बारीक गोल फिरवायचे तर त्याहून जास्त हात बसलेला लागतो. बहुतेक मुलांना ते सात-आठ वर्षांचं झाल्यावर जमतं, म्हणजे दुसरी-तिसरीत. तोवर त्याचे दात मोठ्या माणसाने घासायचे. तुमचा मुलगा आळशी आहे किंवा तुम्ही त्याला शिकवण्यात कमी पडलात असं मला वाटत नाही. जे काम अजून तुमचं आहे ते त्याच्याकडे गेलं आहे, इतकंच.

तेव्हा सरळ वाटणी करून टाका. सकाळचा ब्रश त्याचा. चावेना का, सांडेना का, आरशात तोंड वेडंवाकडं करेना का. त्याचं झालं की तुम्ही एक हात फिरवायचा. रात्रीचा ब्रश पूर्ण मोठ्यांचा, त्यात त्याने फक्त तोंड उघडायचं. सकाळी गडबडीत एखाद्या दिवशी राहिलं तर जीव टांगणीला लावू नका, पण रात्रीचं सोडू नका. झोपेत तोंडातली लाळ खूप कमी होते. तोंडातले जिवाणू जे आम्ल बनवतात ते दिवसभर धुऊन काढायचं काम हीच लाळ करत असते. रात्री ती नाही आणि दातांवर दूध-भाताचा थर आहे, म्हणजे जिवाणूंना आठ-नऊ तास मोकळं रान.

आता घासायचं कसं ते जरा तपशिलात सांगते, कारण निम्मी रडारड चुकीच्या बैठकीमुळे होते. बेसिनपाशी समोरासमोर उभं राहून घासू नका. समोरून तुम्हाला पुढचे दातच काय ते दिसतात आणि मूल मान मागे घेत जातं. पलंगावर किंवा सतरंजीवर मांडी घालून बसा. त्याचं डोकं तुमच्या मांडीवर, पाय तुमच्यापासून लांब, तोंड छताकडे. म्हणजे तुम्हाला वरून सगळं तोंड दिसतं. पहिल्या रात्री ब्रश घेऊच नका, मोबाईलचा टॉर्च लावून नुसतं मोजा. दुधाचे दात वीस असतात, वर दहा, खाली दहा. मुलांना स्वतःचे दात मोजून घ्यायला फार आवडतं. मोजता मोजता तुम्ही हिरडीची कड बघून घ्या. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे पांढुरकी, खडूसारखी रेघ दिसली तर ती किडीची पहिली पायरी. भोक पडण्याआधीची ही अवस्था नीट घासण्याने आणि पेस्टमधल्या फ्लोराइड या घटकाने तिथेच थांबू शकते, काही वेळा मागेही फिरते. तपकिरी खड्डा झाला की मग घरच्या उपायांचं काम राहत नाही.

ब्रश छोट्या डोक्याचा आणि मऊ केसांचा घ्या, आणि सुरुवात मागून करा. मुलाचा धीर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि तो आपण पुढच्या दातांवर खर्च करून टाकतो, जे तसेही त्यातल्या त्यात स्वच्छ असतात. वरच्या मागच्या दाढेची गालाकडची बाजू घासताना त्याला तोंड थोडं मिटायला सांगा. 'आ' मोठा केला की गाल ताणला जातो आणि ब्रश आत शिरत नाही. आणखी एक जागा आहे. वरचा ओठ उचलून बघा, आत मधोमध हिरडीला जोडणारा एक पातळ पडदा दिसेल. ब्रशचं प्लास्टिक त्याला लागलं की झोंबतं, मूल कळवळून ओरडतं आणि आपल्याला वाटतं, नाटकं करतोय. तुमच्या डाव्या हाताचं बोट आडवं धरून तो पडदा झाका आणि मग पुढचे दात घासा. कित्येक घरांतलं रात्रीचं भांडण एवढ्याने मिटलेलं मी पाहिलं आहे.

दुधाच्या शेवटच्या दोन दाढा एकमेकींना चिकटून असतात. त्यांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही, आणि या वयातली दाढांची कीड बऱ्याचदा तिथेच सुरू होते. वरून दाढ धडधाकट दिसते, आतून पोखरलेली निघते. मेडिकलच्या दुकानात दांडीला दोरा ताणून बसवलेले फ्लॉस मिळतात. रात्री एकदा त्या फटींतून ते फिरवा. पहिल्यांदा थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. हिरडी सुजलेली असते म्हणून ते येतं, काही दिवसांत थांबतं. थांबलंच नाही तर दाखवा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, धरून घासण्याचा.

आधी हे बघा की तो नको का म्हणतो. तुमच्या मुलाला दोन किडलेल्या दाढा आहेत. तिथे ब्रश लागला की दुखणारच, आणि दुखतं हे पाच वर्षांचं मूल 'मला नको' असंच सांगतं. म्हणजे आधी दाढांचा इलाज, मग सवयीची गोष्ट. दुसरं, पेस्ट 'तिखट' लागते असं तो म्हणतो ते शब्दशः खरं माना. आपल्याला थंड, ताजा वाटणारा पुदिना लहान मुलांच्या जिभेला झोंबतो. फळाच्या चवीची किंवा बिनचवीची पेस्ट आणा. एवढ्यानेही त्याचा अर्धा विरोध मावळेल असा माझा अंदाज आहे.

त्यानंतरही तो नको म्हणेल, काही दिवस रडेलही. दात घासायचे की नाही, हा प्रश्न त्याला विचारूच नका. 'ब्रश करायचा का रे?' असं गोड आवाजात विचारलं की त्याने 'नाही' म्हणणं रास्तच आहे, विचारलंय म्हणून तो उत्तर देतो. निळा ब्रश की पिवळा, आईच्या मांडीवर की बाबांच्या, आधी वरचे की खालचे, हे त्याला ठरवू द्या. रडत असताना शांतपणे, हात न दाबता, मिनिटभरात काम उरका, संपताच जवळ घ्या आणि विषय सोडून द्या. मनावर परिणाम होतो तो ओरडण्याचा, हात पिरगाळण्याचा, 'बघ, ताईची मुलगी कशी शहाणी आहे' या वाक्याचा. प्रेमाने, रोज एकाच वेळी, एकाच पद्धतीने केलेल्या कामाचा होत नाही. फार हातपाय झाडत असेल तर एक दिवस चार दात घासून थांबा, उद्या आठ. दोन वर्षं टिकवायचं आहे, एका रात्रीत जिंकायचं नाही. ज्या मुलांना तोंडाला कुठलाच स्पर्श सहन होत नाही, ज्यांना घासाचे पोत, कपड्यांची शिवणसुद्धा बोचते, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे बालरोगतज्ज्ञांशी बोलावं.

इंजेक्शनची धमकी मात्र आजपासून बंद. त्याला आता खरंच खुर्चीवर बसायचं आहे. ज्या माणसाकडून त्याला बरं वाटणार आहे त्याचाच बागुलबुवा करून ठेवलात तर रूट कॅनॉलच्या दिवशी डॉक्टरही हतबल होतात. स्टारच्या तक्त्याबद्दल फार लिहीत नाही. असे तक्ते सुरुवातीला धक्का द्यायला बरे असतात, पुढे विझतातच. फक्त दात घासल्याचं बक्षीस म्हणून चॉकलेट, यातली गंमत तुमच्याही लक्षात आली असेल. त्याऐवजी झोपतानाची गोष्ट ब्रशनंतर ठेवा. ब्रश झाला की गोष्ट, रोज. लवकर झाला तर दोन.

रात्रीची वेळ बदला. तुम्ही ब्रश अगदी झोपण्याच्या क्षणाला ठेवला आहे आणि तोवर तो पेंगुळलेला असतो, तुम्हीही. जेवण झालं, हात धुतले की लगेच, आठ-साडेआठला, तो टक्क जागा असतानाच उरकून टाका. त्यानंतर फक्त पाणी. दूध द्यायचंच असेल तर जेवणासोबत किंवा जेवणानंतर, ब्रशच्या आधी, पेल्यातून. पाचव्या वर्षी बाटली सुटायलाच हवी. खरं तर ती वर्ष-दीड वर्षातच सुटायला हवी होती, पण त्यावरून स्वतःला बोल लावत बसू नका. कित्येक घरांतली मुलं बाटली तोंडात घेऊन झोपतात. एकदम तोडणं जमत नसेल तर बाटलीतल्या दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत जा आणि साखर, चॉकलेट पावडर आजच थांबवा. शेवटी बाटलीत नुसतं पाणी उरलं की तिच्यातला रस आपोआप जातो.

आणि आता एक गोष्ट विचारते, राग मानू नका. एवढ्या मोठ्या पत्रात मुलाचे बाबा एकाच ओळीत आलेत. दुकान बंद करून ते उशिरा येतात हे समजलं. तुम्ही हेही लिहिलंय की येताना ते मुलासाठी काहीतरी खाऊ आणतात आणि मुलगा कधी कधी त्यासाठी जागा राहतो. म्हणजे तुम्ही साडेआठला ब्रश केला तरी दहाला बिस्किटाचा पुडा फुटणार! त्यांना मुलासोबत दिवसातली तेवढीच वेळ मिळते, खाऊ हा त्यांच्या प्रेमाचा भाग आहे, हे कळतं. तर तो खाऊ डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर द्या, आणि रात्रीची गोष्ट बाबांकडे द्या. दुकानाला सुट्टी असेल त्या दिवशी रात्रीचा ब्रशही त्यांच्याकडे. सुरुवातीला ते वाईट घासतील. घासू द्या, मागे उभं राहून सूचना करू नका.

खाऊचं निघालंच आहे तर एक सांगून ठेवते. किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. गोड किंवा पिठूळ काही तोंडात गेलं की जिवाणू आम्ल बनवतात आणि ते ओसरायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. जेवणासोबत एक अख्खा लाडू परवडला, दुपारभर एकेक करून चघळलेली चार बिस्किटं नाहीत. बिस्किट, वेफर्स, खारी, टोस्ट हे गोड नसलं तरी दाढेच्या खाचेत लगद्यासारखं बसून राहतं. सर्दी-खोकल्याची गोड सिरपंही यात धरा. ती देऊन झाल्यावर पाणी प्यायला द्या.

दुधाचे दात पडणारच, हे सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. प्रश्न फक्त कधी, हा आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, ते सगळ्यांना दिसतं, कौलावर फेकायचा दातही तोच असतो. दुधाच्या दाढा मात्र नऊ ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. तुमच्या मुलाला या दाढांनी अजून पाच-सहा वर्षं चावून खायचं आहे. दाढ दुखते म्हणून मूल एका बाजूने खातं, पोळी-भाकरी टाळतं, भात-बिस्किटावर राहतं, रात्री झोपत नाही. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा राहत नाही. पुढे वेडेवाकडे दात, तारा, त्याचा खर्च. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातावर डाग किंवा खड्डा पडू शकतो.

आणखी एक, जे आजीलाच काय, शिकलेल्या आईबापांनाही माहीत नसतं. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या सगळ्यात मागच्या दाढेच्याही मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून तिचं येणं कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि आली तरी 'दुधाचीच असेल' म्हणून सोडून दिली जाते. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. वर्षभर ती अर्धवट वर आलेली, शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरूनच जातो. माझ्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं येतात तेव्हा सगळ्यात जास्त किडलेली हीच दाढ असते. तुमच्या मुलाची ती येत्या वर्षात येईल. तिच्यासाठी ब्रश आडवा, गालाकडून आत घालावा लागतो. ती पूर्ण वर आली की डॉक्टरांकडून तिच्या खाचा भरून घेता येतात, सीलंट म्हणतात त्याला. त्यात ना सुई ना कोरणं.

सासूबाईंना हे सगळं तुम्ही सांगू नका. सून सांगते म्हटल्यावर मुद्दा बाजूला राहतो. त्यांना दवाखान्यात सोबत न्या. एक्स-रेमध्ये दुधाच्या दाढेखाली बसलेला पक्का दात दिसतो. तो डॉक्टरांनी बोटाने दाखवला की कुठल्याही आजीचा सूर बदलतो. नातवाच्या दाताला आपल्या हयगयीने काही होऊ नये असंच त्यांनाही वाटतं. शिवाय घरात नातवाजवळ सर्वांत जास्त वेळ त्याच असतात. दुपारच्या खाऊची किल्ली त्यांच्याकडे आहे, त्या तुमच्या बाजूला असायलाच हव्यात.

मशेरीचा विषय मात्र नाजूक आहे आणि गंभीरही. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटीन हिरडीतून रक्तात जातं, म्हणून ती लावल्याशिवाय सकाळी 'तोंड मोकळं' झाल्यासारखं वाटत नाही, पोटही साफ होत नाही. दात साफ होण्याचा तिच्याशी काही संबंध नाही. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला कोण अडवणार? तुमचा मुलगा 'आजीची पूड' मागतो ती गंमत म्हणून कुणी बोटावर दिली तर त्याला गरगरून उलट्या होऊ शकतात, आणि लहान मुलाच्या पोटात जास्त गेली तर ते विषच आहे. डबी आजच त्याच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, कुलपात ठेवा. याबाबतीत भीड धरू नका.

पण सासूबाईंना सगळ्यांसमोर बोलू नका. त्यांच्या पिढीतल्या हजारो बायकांना ही सवय दातदुखीवरचा उपाय म्हणून, बहुतेक वेळा आईकडूनच लागली. एवढंच मागा की मशेरी नातवासमोर लावायची नाही. आणि सकाळचं दात घासणं हे आजी-नातवाचं मिळून खातं करून टाका. त्यांच्यासाठीही एक मऊ ब्रश आणा, दोघांनी मोरीपाशी सोबत घासायचं. मुलं ऐकतात कमी, बघून करतात जास्त. आज तो आजीला बघून पूड मागतो, ब्रश करताना बघेल तर ब्रश मागेल. सासूबाईंनी सोडायचं मनावर घेतलं तर १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत फोनसेवा आहे. मुलाला दाखवाल त्याच दिवशी त्यांचंही तोंड तपासून घ्या. मशेरी ठेवतात त्या जागी गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तिखट खाल्ल्यावर होणारी आग, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर थांबायचं नाही.

पेस्टचं बघू. 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून चांगली आणि फ्लोराइड म्हणजे रसायन म्हणून वाईट, असा हिशोब बऱ्याच घरांत आहे. लवंग, कडुनिंब, बाभूळ यांनी तोंडाला छान वाटतं, त्याला माझी हरकत नाही. पण कीड रोखण्याचा भरवशाचा पुरावा फ्लोराइडचाच आहे. किडलेल्या दाढा असलेल्या मुलाला फ्लोराइड नसलेली पेस्ट मी देणार नाही. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीपीएमचा, म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग याचा, आकडा असतो. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालता येत नाही आणि कीड टाळायला साधारण तेवढंच लागतं. लहान मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पेस्टमध्ये याच्या निम्मं असतं किंवा नसतंच. कार्टून बघू नका, आकडा बघा. प्रमाण मात्र काटेकोर हवं : तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर नागमोडी पेस्ट मुलांसाठी नाही. ब्रशवर पेस्ट घालायचं काम मोठ्यांचं, आणि ट्यूब वरच्या फळीवर.

एवढीशी पेस्ट थोडी गिळली गेली तरी बिघडत नाही. रोज भरपूर गिळली तर पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे ठिपके येऊ शकतात, म्हणून प्रमाणाचा आग्रह. घासून झालं की फेस थुंकायचा आणि खळखळून चूळ भरायची नाही. आपल्याकडे हे ऐकून सगळेच दचकतात, कारण चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ झाल्यासारखं वाटतच नाही. पण चूळ भरली की दातावरचं फ्लोराइडही वाहून जातं. चव सहनच होत नसेल तर एक छोटा घोट पाणी, बस.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या वाचकांसाठी वेगळी सूचना. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर दातांवर तपकिरी पट्टे येतात, वर्षानुवर्षं प्यायल्यास हाडांनाही त्रास होतो. गावातल्या मोठ्या मुलांच्या पक्क्या दातांवर असे पट्टे दिसत असतील तर ग्रामपंचायतीकडे पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागा आणि पेस्ट कोणती हे दंतवैद्यांना विचारूनच ठरवा.

धाकटीला विसरू नका, खरं तर तिच्याबाबतीत तुम्ही अगदी वेळेवर आहात. पहिला दात हिरडीतून डोकावला तेव्हापासूनच घासायला सुरुवात करायची असते. दोघं मोठी माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसा. तिला एकाकडे तोंड करून मांडीवर बसवा आणि अलगद मागे, दुसऱ्याच्या मांडीवर आडवी करा. एकाने हात धरून गाणं म्हणायचं, दुसऱ्याने घासायचं. तिच्याजवळही झोपताना बाटली असेल तर वरचे पुढचे दात मागून-पुढून आधी तपासा, बाटलीची कीड तिथून सुरू होते. थोरल्याला तिचा ब्रश आणून द्यायचं काम द्या, तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट मात्र तुम्हीच लावा. दादा म्हणून मिरवता येत असेल तर तो स्वतःचंही तोंड जरा लवकर उघडेल.

खर्चाची काळजी तुमच्या पत्रात आडून आली आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे लहान मुलांचा वेगळा विभाग असतो आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. तुमच्या भागात खासगी दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही स्वस्तात काम होतं, फक्त वेळ काढून जावं लागतं. ज्यांची मुलं अंगणवाडीत किंवा सरकारी, अनुदानित शाळेत आहेत त्यांच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ पासून चालू असलेल्या या तपासणीत दातही बघतात. पथक आलं की 'सगळं ठीक आहे' एवढ्यावर न थांबता दातांचं काय लिहिलं ते विचारून घ्या.

रूट कॅनॉल म्हटल्यावर पाच वर्षांच्या मुलाला ते सोसेल का, असं वाटणं साहजिक आहे. दुधाच्या दाढेचं हे काम मोठ्यांच्या रूट कॅनॉलपेक्षा आटोपशीर असतं, जागा बधिर करूनच करतात. वर बऱ्याचदा स्टीलची टोपी बसवतात, ती दाढेसोबतच पडून जाते. टोपी चंदेरी दिसते, पण मुलांना ती हिरोच्या दातासारखी वाटते आणि ती शाळेत दाखवत फिरतात. शक्यतो लहान मुलांच्या दंतवैद्यांकडेच जा. दुसऱ्या दाढेला अजून फारसं दुखत नाही म्हणून तिचं काम पुढे ढकलू नका, नुसतं भरून भागेल अशी वेळ कदाचित अजून गेलेली नसेल.

पुढच्या आठवड्यातली सकाळची वेळ घ्या. दुपारनंतर मुलं दमलेली आणि चिडचिडी असतात. त्याला आदल्या दिवशी फक्त एवढंच सांगा की डॉक्टर दात मोजणार आहेत आणि दुखऱ्या दाढेला बरं करणार आहेत. 'अजिबात दुखणार नाही' असं वचन देऊ नका. जाताना घरातली पेस्टची ट्यूब, त्याचा ब्रश आणि दुधाची बाटली पिशवीत टाकून न्या. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्यासमोरच त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकदा घासून दाखवा, हात कुठे पोचत नाही ते ते सांगतील.